ईशाची पाठवणी

खिरापतीचा डबा ईशानं पोटाशी घट्ट धरला होता आणि ती तो कुणाला हातही लावू देत नव्हती.

"अगं, वाजवल्याशिवाय ओळखणार कशा त्या? दे इकडं," पूर्वा म्हणाली.

"मीच वाजवणार. माझ्या घरची भुलाबाई आहे."

"आपल्या घरची."

"बरं, आपल्या."

समोर सतरंजीवर कॉलनीतल्या पोरी ताटकळत बसल्या होत्या. गाणी म्हणून झाली होती, पाटावरच्या भुलाबाई-भुलोजीपुढं टिपऱ्या खेळून झाल्या होत्या. आता डब्यात काय आहे ते ओळखायचं आणि मग खायचं. ईशानं डबा कानाशी नेला, स्वतःच आधी हलवून ऐकला आणि मग सगळ्यांपुढून फिरवला.

"शंकरपाळे!"

"नाही."

"चकली! चिवडा! बेसनाचे लाडू!"

"नाही, नाही, नाही!" हिरवा परकर सावरत ईशा उड्या मारत होती. "हरल्या म्हणा. सगळ्या हरल्या म्हणा आधी."

पोरी हरल्या म्हणाल्या, मग तिनं झाकण उघडलं. आत राजगिऱ्याचे लाडू होते. ते वळताना दुपारभर ती माझ्याजवळ ओट्यापाशी स्टुलावर बसली होती आणि कुणाला सांगणार नाही म्हणून तिनं तीनतीनदा माझी शपथ घेतली होती.

तेवढ्यात ईशाचे बाबा, प्रमोद, ड्यूटीवरून आले. दारात बूट काढता काढता त्यांनी आत पाहिलं. एवढ्या पोरींच्या मधोमध डबा घेऊन उभी असलेली ईशा त्यांना दिसली. हातपाय धुऊन आले, खुर्चीत बसले आणि तिला हाक मारून त्यांनी मांडीवर घेतलं. पोरी गेल्या, पूर्वानं सतरंजी झाडून घडी घातली, तरी ते तिला घेऊन तसेच बसून होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. स्वयंपाकघरातून मी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. वाटलं, आता यांना धीर येतोय.

कसला धीर, ते सांगायला हवं. ईशा मुलगा म्हणून जन्मली होती. नाव ईशान. ती दोन वर्षांची असताना तिची आई रंजना काविळीनं गेली. त्यानंतर दोन वर्षं आजोळी, रंजनाच्या आईनं आणि हेमराज मामानं तिला सांभाळलं. मग प्रमोदनी माझ्याशी लग्न केलं. माझा पहिला नवरा मला आणि तान्ह्या पूर्वाला टाकून कधीच निघून गेला होता. दोघांचीही दुसरी वेळ, म्हणून लग्न साधंच झालं. चंद्रपूरजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीत त्यांना क्वार्टर होतं, पगार चांगला होता, माणूस शांत होता. मला आणखी काय हवं होतं?

मूल आजोळहून आमच्याकडं आलं तेव्हा ते बोलतच नव्हतं फारसं. बोलायला लागलं ते पूर्वाशी. पूर्वा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिचे आखूड झालेले फ्रॉक मी बोहारणीसाठी गाठोड्यात बांधून ठेवायची आणि हे मूल गाठोडं सोडून ते काढायचं. आम्ही हसलो. मग रागावलो. मग प्रमोदनी एकदा दोन थपडाही दिल्या. त्यानंतर ते मूल दोन दिवस जेवलं नाही. पहिलीत गेल्यावर पाटीवर नाव लिहायला शिकवलं, तर दरवेळी शेवटचा 'न' बोटानं पुसून टाकायचं. मी विचारलं, का रे पुसतोस? तर माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "कारण मी ईशा आहे. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. आईला कळतं, सावत्र असली तरी.

आम्ही नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तीनचारदा गेलो. त्यांनी ईशाशी एकटीशी बोलून पाहिलं, चित्रं काढून घेतली. मग आम्हाला म्हणाल्या, हा आजार नाही, म्हणून औषधही नाही. मूल काय सांगतंय ते ऐका, मारून मुटकून काही बदलत नाही, फक्त मूल मिटून जातं. प्रमोद बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. घरात ईशा." परतताना सीताबर्डीला उतरून त्यांनी स्वतः तिच्यासाठी लाल रिबिनी घेतल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

तर घरात ईशा, शाळेत ईशान, असं वर्षभर चाललं. ती हसायला लागली. पूर्वाशी भांडायला लागली. उलट उत्तरं द्यायला लागली. त्या वर्षी भुलाबाई बसल्या तेव्हा तिनं हट्ट धरला, मलाही पूर्वाबरोबर घरोघर जायचंय. मी प्रमोदना विचारलं. ते म्हणाले, "लहान आहे, जाऊ दे." मी पूर्वाचा परकर आखूड करून दिला.

देवतळेंच्या घरी गाणी चालली असताना देवतळेबाईंनी विचारलं, "हा उरकुड्यांचा मुलगा ना गं?"

पूर्वा म्हणाली, "माझी बहीण आहे."

बाया हसल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. दुसऱ्या दिवशी ते कॉलनीतल्या सगळ्या फोनवर होतं. आमच्या घरी भुलाबाईची पाळी आली तेव्हा कोजागरीला दोन दिवस उरले होते. एरवी वीस पोरी यायच्या, त्या दिवशी सातच आल्या. ईशाला ते कळलं नाही. तिला सात पोरीही पुष्कळ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराज मामा आला.

त्याची जीप फाटकाशी थांबली तेव्हा मी पोहे परतत होते. हेमराज म्हणजे रंजनाचा धाकटा भाऊ. उंच, काळासावळा, धानाची शेती करणारा. कधी आला की तांदळाचं पोतं घेऊन यायचा आणि दारातूनच भाच्याला हाक मारायचा. त्या दिवशी त्यानं हाक मारली नाही. त्याच्या हातात कपड्याच्या दुकानातली पिशवी होती.

"या," मी म्हटलं. "बसा. चहा टाकते."

"चहा नको, ताई. बसाले नाही आलो." तो उभाच राहिला. "माय आजारी आहे. अंथरुणाले खिळली. नातवाले दाखवा म्हणते. आठ दिवस नेतो त्याले."

मी प्रमोदकडं पाहिलं. त्यांची सुट्टी होती. ते खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते.

"शाळा आहे तिची," मी म्हटलं.

"त्याची," हेमराज म्हणाला. आवाज चढवून नव्हे. "ताई, मी सगळं पाह्यलं. माझ्या फोनवर आलं ते गाणं. गावात लोकाईनं मले दाखवलं. माझ्या बहिणीचं पोरगं आहे ते. तिच्या मागं त्याचं हे काय होऊन राह्यलं?"

"तिचं काही वाईट होत नाहीये, भाऊ. तुम्ही तिला विचारा."

"सात वर्षांच्या लेकराले काय विचारायचं?"

ईशा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. रात्री झोपताना तिनं परकर सोडला नव्हता, तोच चुरगळलेला अंगावर होता. मामाला बघून ती पूर्वाच्या मागं गेली. पूर्वानं दोन्ही हात मागं नेऊन तिला धरलं.

"अहो, बोला ना काही," मी प्रमोदना म्हटलं.

ते वळले. चेहरा रात्री न झोपल्यासारखा. "आजी आजारी आहे म्हणतोय. आपण नाही कसं म्हणायचं? दोन वर्षं तिनंच सांभाळलं आहे त्याला... हिला. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मग मी पण जाते बरोबर."

"पूर्वाची चाचणी आहे. आणि त्यांच्या घरी तू..." ते थांबले. "त्यांना बरं वाटायचं नाही, ज्योत्स्ना. रंजनाचं घर आहे ते."

सावत्र बाई म्हणून मी त्या घराच्या उंबऱ्याशी कधी गेले नव्हते.

हेमराजनं पिशवीतून नवी पँट आणि चौकड्यांचा शर्ट काढून टेबलावर ठेवला. "हे घालून द्या. या परकरात मी नाही नेणार."

ईशा ओरडायला लागली. अशी ओरडली की शेजारच्या बाया गॅलरीत आल्या. मी नाही जाणार, मी नाही घालणार, आई, सांग ना यांना. प्रमोद तिच्याजवळ गेले, हात पुढं केला, तर तिनं तो झिडकारला आणि माझ्या पायांना मिठी मारली.

तेव्हा प्रमोद माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तूच समजाव. तुझंच ऐकते ती. नाहीतर हा ओढत नेईल आणि सगळ्या कॉलनीपुढं तमाशा होईल. आठ दिवसांनी आपण दोघं जाऊन घेऊन येऊ."

दोघं जाऊन, असं म्हणाले.

मी तिला न्हाणीघरात घेऊन गेले, तोंड धुतलं आणि पाटावर बसवलं. "आजीला बरं नाही ना? आजी म्हातारी आहे, तिला तू शर्टातच आठवतेस. आठ दिवस घालायचा, बस. आपण शाळेत घालतो ना गणवेश, तसाच."

"तू येशील?"

"मी येणार. मीच येणार घ्यायला."

"नक्की?"

"नक्की."

"पूर्वाला पण आण."

तिनं हात वर केले. मी परकराची नाडी सोडली. शर्टाची बटणं लावली, सगळ्यात वरचं तिला टोचतं म्हणून उघडं ठेवलं. केस विंचरून रिबिनी काढल्या, तर त्या तिनं मुठीत धरल्या आणि खिशात घातल्या. मग ती स्वतःहून चालत बाहेर गेली. जीपमध्ये मामाशेजारी बसली. रडली नाही. माझ्या शब्दावर विसंबली म्हणूनच रडली नाही. जीप वळणावर जाईपर्यंत ती मागं बघत होती. मी हात हलवत राहिले. पूर्वा घरात जाऊन दार लावून बसली होती.

त्या आठ दिवसांत मी रोज फोन केला. कधी हेमराज शेतात होता, कधी ईशान झोपला होता, कधी लागतच नव्हता. प्रमोद म्हणायचे, खेड्यात रेंज नसते. आठवा दिवस उजाडला तेव्हा म्हणाले, मला रजा नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मी एस.टी.नं एकटीच निघाले.

सिंदेवाहीच्या पुढं त्यांचं गाव. विचारत विचारत घरी पोचले तर ओसरीवर एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. ताठ कण्यानं, सपासप. मी नाव सांगितलं. ती उठली, पाण्याचा तांब्या आणला आणि मला बस म्हणाली.

"तुमची तब्येत?" मी विचारलं.

"माझ्या तब्येतीले काय झालं?" म्हातारी म्हणाली.

मी घरभर पाहिलं. विचारलं, "ईशा कुठं आहे?"

म्हातारीनं आतल्या दाराकडं पाहिलं. आतून हेमराज आला. मला बघून चपापला आणि मग माझ्यासमोर खाली जमिनीवरच बसला.

"तो इथं नाही, ताई. शाळेत आहे. निवासी शाळा आहे तिकडं ब्रह्मपुरीकडं. चांगली शिस्त आहे."

"कुणाला विचारून घातलंत तुम्ही? तिच्या बापाला न विचारता..."

"ताई."

"मी पोलिसांत जाईन. आजारपणाची थाप मारून मूल पळवलंत तुम्ही."

"ताई, ऐका तरी." हेमराजनं आपल्या आईकडं एकदा पाहिलं. "तुम्हाले ठाऊक नाही?"

"काय?"

"भाऊजीनंच फोन केला होता. एकदा नाही, दोनदा. ते गाणं पण त्यानंच धाडलं मले. म्हने, हेमराज, माझ्यानं हे सहन होत नाही अन् घरात बोलवतही नाही. तू ये अन् घेऊन जा. मी सांगतलं असं बोलू नको. मायचं आजारपण त्यानंच सुचवलं. शाळाही त्यानंच पाह्यली होती आधी. मी निस्ती जीप चालवली." त्यानं जमिनीवरचे तांदळाचे दाणे गोळा केले. "मले वाटलं, तुम्हाले ठाऊक असन. तुम्हीच त्याचे कपडे घालून दिले ना."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. म्हातारीनं तो अलगद काढून घेतला.

"माझा राग असन तुमच्यावर," हेमराज म्हणाला, "पन खोटं नाही बोलणार. पोरगं रस्ताभर तुमचंच नाव घेत होतं."

मी तिथून त्या शाळेत गेले. फाटकावरच्या माणसानं आत निरोप नेला आणि रेक्टर म्हणून कुणी गृहस्थ बाहेर आले. सभ्य होते. म्हणाले, "बाई, वडिलांची स्पष्ट सूचना आहे. ते आणि मामा, एवढेच भेटू शकतात. तुम्ही सावत्र आई ना? तुमचं तर नावच घेऊन सांगितलंय."

आत मैदानावर मुलं रांगेत उभी होती. सगळ्यांचे केस मुळापासून कापलेले. सगळ्यांचे शर्ट पांढरे. मी फाटकाचे गज धरून शोधत राहिले, पण माझं मूल कोणतं ते मला ओळखता येईना. हाक मारावी असं वाटलं. पण काय म्हणून मारू? ईशा म्हणावं, तर एवढ्या पोरांत तिचं जिणं कठीण होईल. ईशान म्हणावं, तर तिला वाटेल, आईसुद्धा उलटली. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शिट्टी वाजली, रांग वळली आणि आत निघून गेली.

घरी आले तेव्हा प्रमोद इस्त्री करत होते. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"हेमराज बोलला का?"

"तुम्ही सांगायचं होतं मला. तोंडावर नाही म्हणायचं होतं. मी भांडले असते, पण तिला फसवायला माझे हात तरी वापरायचे नव्हते."

"तू ऐकलं असतंस?"

"डॉक्टरांपुढं तुम्हीच हो म्हणालात."

"डॉक्टर नागपूरला राहतात. मी इथं राहतो." त्यांचा आवाज फुटला. "कंट्रोल रूममध्ये मी आत गेलो की टाळ्या वाजवतात, ज्योत्स्ना. हात आडवे करून. माझ्या हाताखालची पोरं. डबा खाताना मी एकटा बसतो. तुला काय? तू सावत्र. तुझ्या रक्ताचं काय गेलं? लोक तर म्हणतात, स्वतःची पोरगी धडधाकट ठेवली आणि सवतीच्या पोराला हिजडा करून सोडलं."

"लोक म्हणतात?"

ते शर्टाची कॉलर सरळ करू लागले.

"की तुम्ही म्हणता?"

त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. शर्टाची बाही पालथी केली आणि त्यावर फिरवत राहिले. पूर्वा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवसानंतर तिनं त्यांना बाबा म्हणणं सोडलं. मग कसलीच हाक मारली नाही.

चंद्रपूरला एका वकीलबाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही मूल दत्तक घेतलं होतं का? नव्हतं घेतलं. आपल्याच घरातल्या मुलाला कुणी दत्तक घेतं का? त्या म्हणाल्या, वडील हयात आहेत, मुलाचा ताबा त्यांचाच. शाळेत घालणं हा गुन्हा नाही. तुमचं तिच्याशी कायद्यानं नातंच नाही.

मी ते घर लगेच सोडलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पूर्वा होती आणि मला जायला जागा नव्हती. तिची दहावी होईपर्यंत मी त्याच क्वार्टरमध्ये राहिले. त्यांचा डबा भरला. महिन्याच्या एका रविवारी ते खाऊ घेऊन शाळेत जायचे, संध्याकाळी परत यायचे. कशी आहे, विचारलं तर म्हणायचे, "बरा आहे. तुझं नाव काढत नाही." सुट्ट्यांत तिला मामाकडं ठेवायचे. घरी कधी आणलं नाही. पूर्वाचा निकाल लागला त्या आठवड्यात आम्ही मायलेकी दोन बॅगा घेऊन नागपूरला आलो. मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. पूर्वा शिकली, आता एका औषध कंपनीत आहे.

मागच्या वर्षी पूर्वानंच ईशाला फोनवर शोधून काढलं. फोटो उघडून फोन माझ्यापुढं धरला. लांब केस, कपाळावर बारीक टिकली. नाव ईशा उरकुडे. शेजारी प्रमोद उभे, केस पिकलेले, तिच्या खांद्यावर हात. खाली प्रमोदनीच लिहिलं होतं : माझी लेक, माझा अभिमान. त्याखाली शेकडो लोकांनी अशा बापाला नमस्कार केला होता. कॉलनीतल्या देवतळेबाईंनीसुद्धा.

नागपुरातच होती ती. कॉलेज करून धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. पूर्वानं निरोप पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, दुपारी दुकानात गर्दी नसते, या.

पूर्वा बाहेर गाडीपाशी थांबली. आधी तू एकटी जा, म्हणाली.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. माझ्याहून उंच झाली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. तिनं पाणी दिलं.

"छान दिसतेस," मी म्हटलं.

"थँक यू."

"मला ओळखलंस ना?"

"हो. लक्षात आहे सगळं." ती सरळ माझ्याकडं बघत होती. "तुम्ही म्हणाला होता, नक्की येणार. मी दोन वर्षं फाटकाकडं बघायचे."

"मी आले होते, ईशा. आठव्या दिवशीच. मला आत सोडलं नाही."

"बाबा तर म्हणाले, तुम्ही आला नाहीत."

"तुझ्या बाबांनीच तुला पाठवलं. मामाला फोन त्यांनी केला होता. शाळा त्यांनी ठरवली. मला भेटू द्यायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं."

सगळं सांगितलं मी. काही राखून ठेवलं नाही. माझं संपल्यावर तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"बाबांनी मला सांगितलं होतं, की एक दिवस तुम्ही हे म्हणाल."

"हेमराज मामाला विचार. तो खोटं बोलणार नाही."

"मामा करोनात गेला. आजी त्याच्या आधीच." तिनं ओढणी सोडली. "हॉस्टेलवर मला काय काय झालं, तुम्हाला माहीत नाही. मला कुणाला सांगायचंही नाही. पण दर महिन्याला एक माणूस यायचा. तासभर बसायचा. मी अठराची झाल्यावर सांगितलं, बाबा, मी ईशाच आहे. तर ते रडले. माझ्या पाया पडले. मला साडी घेतली. आणि तुम्ही म्हणता..." ती माझ्याकडं वळली. "त्या दिवशी माझे कपडे कुणी बदलले? बाबांनी? मामानं?"

"मी."

"हं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"मला एकच माणूस आहे हो," ती म्हणाली. "तो पण नको का ठेवू मी?"

मी माझा हात मागं घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर प्रमोदचा चेहरा आला. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

"हो बाबा, जेवले. नाही, दुकानातच आहे. नाही हो, रडत नाहीये, सर्दी झालीय." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं मान वळवली. "कुणी नाही बाबा. एक ओळखीच्या बाई आल्यात. निघतच आहेत आता."

मी पर्स घेतली आणि उठले.